कलेजीची धिरडी मोडतात? आधी बघा, कुठून मोडतात

कलेजीची धिरडी करायला घेतली की पहिलं तव्याला धरतं, दुसरं उलटताना मधोमध मोडतं आणि तिसऱ्यापर्यंत करणारीचा धीर सुटतो. मग उरलेलं सगळं कढईत ओतून भुर्जी होते. परभणी-नांदेडकडच्या ओळखीच्या घरांतून ही तक्रार सारखी कानावर येते. त्यावरचा उपायही सगळीकडे एकच सांगतात: आणखी पीठ घाला. पीठ वाढवलं की मोडायचं थांबतं खरं, पण धिरडं कोरडंठक्क होतं, पाण्याच्या घोटाबरोबर गिळावं लागतं, आणि पोरं पुढच्या वेळी ताटाला हात लावत नाहीत.

म्हणून पिठाच्या डब्याकडे हात जाण्याआधी तव्यावर नीट बघा. धिरडं तव्याला चिकटून फाटलं, मधून दुमडलं, कडेनं चिरलं की एकाच जागी ओढल्यासारखं तुटलं? चारही मोडण्यांची कारणं वेगळी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर बिघाड वाढतोच.

मुळात हा पदार्थ रशिया-युक्रेनकडचा. तिकडे कच्ची कलेजी कांद्याबरोबर वाटतात, त्यात अंडं आणि मैदा घालून तळहाताएवढी लहान ओलादी, म्हणजे जाडसर धिरडी, तेलावर भाजतात आणि स्मेताना, म्हणजे आंबट घट्ट साय, लावून खातात. आपल्याकडे व्हिडिओ बघून कृती उचलली जाते, फक्त मैद्याच्या जागी ज्वारीचं पीठ येतं, कारण घरात तेच असतं आणि चवीलाही तेच बरं लागतं. बदल चांगला आहे, माझं मतही ज्वारीच्याच बाजूनं आहे. पण मैद्यात ग्लूटेन असतं, ओलं झालं की ते चिकट जाळं धरतं. ज्वारीत ग्लूटेन नाही. तीच मापं ठेवून नुसतं पीठ बदललं तर धरून ठेवणारं अंड्याखेरीज काही उरत नाही.

आणि खरं तर हे आपल्याला माहीत असतंच. भाकरी करताना आपण पिठात गार पाणी ओतून थापायला बसत नाही. कडकडीत पाणी घालतो, कारण गरम पाण्यानं ज्वारीचा स्टार्च फुगतो आणि पीठ चिकट होतं. जुनं पीठ असेल, विरी गेलेली असेल, तर भाकरी थापतानाच कडेनं फाटते आणि आपण लगेच ओळखतो की दळण शिळं आहे. धिरड्यातही हेच पीठ आहे, मग नियम बदलेल कसा?

उपाय असा. अर्धा किलो साफ केलेल्या कलेजीला साधारण ८० ग्रॅम ताजं दळलेलं ज्वारीचं पीठ लागतं, मालदांडी वाणाचं असेल तर उत्तमच. त्यातलं निम्मं पीठ वाडग्यात घ्या, त्यावर उकळतं पाणी थोडं थोडं ओतून चमच्यानं घोटा आणि घट्ट उकड झाली की थांबा. झाकून ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. हे गार होणं महत्त्वाचं, कारण गरम उकडीत कच्ची कलेजी घातली की ती वाडग्यातच शिजायला लागते आणि गुठळ्या होतात. गार उकड, राहिलेलं कोरडं पीठ, दोन चमचे बेसन आणि दोन अंडी, एवढी पकड अर्ध्या किलोला पुरते. मैदा लागत नाही. कोरडं पीठ मोजून दुप्पट घालण्यापेक्षा अर्ध्या पिठाची उकड कितीतरी जास्त काम करते.

इथे येसराबद्दल, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीबद्दल, एक सांगून ठेवते. बऱ्याच जणी पिठाऐवजी येसर घालतात, घरात डबा भरलेला असतो म्हणून. चवीला एक चमचा जरूर घाला, कलेजीला येसर छान लागतो. पण भाजलेल्या धान्याची पकड कच्च्या पिठासारखी नसते. येसराच्या जोरावर धिरडं उभं राहणार नाही.

आता तव्यावरच्या खुणा.

मधून दुमडून मोडत असेल, आणि खालची बाजू मात्र छान भाजलेली असेल, तर मिश्रण पातळ आहे किंवा धिरडं मोठं आहे. बहुतेक वेळा दोन्ही. आपल्या हाताला सवय असते ती सरसरीत पिठाची: पळीनं ओतायचं, तवाभर पसरायचं. कलेजीला ते चालत नाही. कच्च्या कलेजीत १०० ग्रॅममागे सुमारे ७० ग्रॅम पाणीच असतं. मिक्सरमध्ये फिरवली की ती आपणहून पातळ होते. तिच्यात वरून पाण्याचा थेंबही घालू नका. मिक्सर अडतोय म्हणून पाणी घालायचा मोह होतो, तेव्हा त्याऐवजी एक अंडं आत फोडा, पातं फिरायला लागेल.

मिश्रण जमलंय का ते पळीवरून कळतं. पळी तिरकी केली की धार लागता कामा नये. गोळा गोळा होऊन पडलं पाहिजे, आणि तव्यावर पडल्यावर आपणहून बोटभर पसरलं पाहिजे. पडल्या जागी ढेकळासारखं राहिलं तर फार घट्ट, वाहत कडेला गेलं तर फार पातळ. आकार पुरीएवढा ठेवा, जाडी अर्ध्या बोटाच्या आतच. एका तव्यावर तीन-चार बसतात. वेळ जास्त जातो, मान्य, पण उलथनं पूर्ण खाली जाईल एवढंच धिरडं असलं तर ते मोडायला जागाच राहत नाही.

पातळ मिश्रणामागे आणखी दोन चोर असतात. एक कांदा. किसलेला कांदा पिळून घ्या आणि तो रस दुसऱ्या कशात वापरा. दुसरं मीठ. मीठ आधी घालून मिश्रण अर्धा तास ठेवलं की कांदा आणि कलेजी दोन्ही पाणी सोडतात. सकाळी दाट वाटलेलं मिश्रण दुपारी आमटीसारखं का झालं, याचं उत्तर इथे आहे. मिश्रण वीस मिनिटं तरी मुरू द्यायचंच, कोरडं पीठ ओल धरतं त्यात, पण ते मिठाशिवाय आणि फ्रिजमध्ये. तवा तापायला ठेवला की मग मीठ.

फ्रिजरमध्ये गोठवलेली कलेजी असेल तर ती वितळताना बरंच लालसर पाणी सोडते. ते पाणी ओतून द्या आणि कलेजी चाळणीत पाव तास निथळत ठेवा. ताजी कलेजी धुतल्यावरही निथळायलाच हवी. नळाखालून काढून थेट मिक्सरमध्ये टाकली तर चार-सहा चमचे पाणी फुकट आत जातं.

तव्याला धरून फाटत असेल तर मिश्रणाला दोष देऊ नका. अंड्या-कलेजीचं प्रथिन जेमतेम तापलेल्या लोखंडाला घट्ट चिकटतं. बिडाचा तवा आधी नीट तापवा, पाण्याचा शिंतोडा मारला की तो चर्रकन नाचत उडून गेला पाहिजे. मग तेल घाला, अर्ध्या चिरलेल्या कांद्यानं ते सगळीकडे फिरवा आणि आच मध्यम करा. करडीचं तेल असेल तर तेच वापरा, आपल्याकडच्या घाण्यावर अजून मिळतं आणि कलेजीच्या उग्र वासाशी भांडत नाही. तेलाला कंजुषी नको. नेहमीच्या धिरड्याला लागतं तेवढ्या तेलात हे होत नाही, थालीपिठाएवढं तरी सोडावं लागतं.

मग हात आवरायचा. ही सगळ्यात अवघड गोष्ट. मिश्रण तव्यावर पडतं तेव्हा गडद, चकचकीत, ओल्या विटेच्या रंगाचं असतं. मिनिटभरात कडा फिकट होतात, तपकिरी-राखाडी, आणि ती फिकट कड आतल्या बाजूला सरकत जाते. मधोमध रुपयाएवढा चकचकीत डाग उरतो. तोही मंद झाला, वरची चमक पूर्ण गेली, की उलथनं घाला. त्याच्या आधी घातलंत तर खालचा पापुद्रा तव्यावर राहतो आणि वरचं ओलं मिश्रण सरकतं. वेळ आली की धिरडं स्वतःहून सुटतं, तवा हलवला की सरकतं. ते सरकत नसेल तोवर त्याला ओढू नये. अडीच-तीन मिनिटांचाच खेळ आहे, झाकण ठेवलं तर वरची बाजू लवकर धरते.

कडेनं चिरा पडत असतील, चाकाला आरे असतात तशा, तर पीठ जास्त झालंय किंवा पीठ शिळं आहे. शिळ्या पिठाला उपाय नाही, नवीन दळून आणा. पीठ जास्त झालं असेल तर अंडं वाढवा, पाणी नको.

एकाच जागी तुटतं आणि तुटलेल्या कडेला दोरीसारखं काही लोंबतं, तर ती नस आहे. ही चूक तव्यावरची नाहीच, ती कापतानाची. आणि इथे कलेजी कोणाची यावर सगळं अवलंबून आहे.

मोठ्याची की बकऱ्याची

आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्यानं बंदी होती, २०१५च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे मराठवाड्यात मोठ्याची म्हणून मिळते ती म्हशी-रेड्याची कलेजी. ज्या घरांत ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते त्यांना साफसफाईचं मी काय सांगावं, पण नव्यानं करणाऱ्यांसाठी हे लिहिणं भाग आहे. ज्यांच्याकडे मोठ्याचं चालत नाही त्यांनी बकऱ्याची घ्यावी. आपली उस्मानाबादी शेळी मटणासाठी नावाजलेली आहे, तिची कलेजी कोवळी असते, कृती तीच राहते आणि मेहनत निम्मी होते.

मोठ्याच्या कलेजीवर जाड पापुद्रा असतो. तो मिक्सरमध्ये दळला जात नाही, पात्याला गुंडाळतो आणि मिश्रणात चिवट तुकडे सोडतो. तो आधी काढा. कडेला सुरीच्या टोकानं जराशी चीर द्या, चिरेतून अंगठ्याचं नख आत सरकवा आणि एका हातानं पापुद्रा मागे ओढत दुसऱ्या हाताच्या बोटांनी कलेजी खाली दाबत जा. सावकाश ओढला तर वीतभर अखंड निघतो. निघतच नसेल तर मोठा तुकडा गरम पाण्यात काही क्षण बुडवून लगेच बाहेर काढा, पापुद्रा आकसून सुटतो. बकऱ्याच्या कलेजीवरचा पापुद्रा इतका पातळ असतो की तो काढत बसायची गरज नाही.

मग नसा. कलेजी दोन बोटं जाडीच्या पट्ट्यांत कापली की आतल्या नळ्यांची तोंडं गोल भोकांसारखी दिसतात. पांढरट भिंतीच्या मोठ्या नळ्या सुरीनं दोन्ही बाजूंनी कोरून काढा, कोरताना थोडी कलेजी वाया गेली तरी चालेल. बारीक नसा राहिल्याच तर वाटून झाल्यावर मिश्रण मोठ्या भोकांच्या चाळणीतून चमच्यानं दाबून काढा. या एका कामानं धिरड्याचा पोत इतका बदलतो की मी ते कधीच टाळत नाही.

नळ्या कापताना एक तपासणी करायची. भिंती खूप जाड, पांढऱ्या, खडूसारख्या करकरीत लागल्या, किंवा आतून पानासारखे चपटे जंत निघाले, तर ती कलेजी फेकून द्या. तळ्या-ओढ्याकाठी चरणाऱ्या म्हशींच्या यकृतात हे जंत होतात. तेवढा भाग कापून बाकी वापरू असं करू नका. खाटकालाच दुकानात मधून एक काप मारून दाखवायला सांगितलं तर घरी आणून टाकायची वेळ येत नाही. चांगली कलेजी कापली की आतून एकसारख्या रंगाची, ओलसर आणि घट्ट असते, बोटानं दाबली की परत वर येते.

धिरडं मोडत नाही पण कडू लागतं, ही वेगळी तक्रार. बकऱ्याच्या कलेजीला पित्ताची हिरवी पिशवी लागून असते. काढताना ती फुटली की पित्त जिथे सांडेल तो भाग हिरवट-पिवळा होतो, आणि धुऊन तो कडूपणा जात नाही. हिरवा डाग दिसला की आजूबाजूच्या भागासकट कापून टाका. डाग नसताना कडू लागत असेल तर तवा बघा, आधीच्या घाण्यातले कांद्याचे कण तळाशी जळून काळे झालेले असतात. दर दोन घाण्यांनी तवा कापडानं पुसून घ्यायचा.

मोठ्याच्या कलेजीचा वास उग्र असतो. पट्ट्या अर्धा ते एक तास दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवल्या तर तो बराच उतरतो. दूध नंतर टाकून द्या. ताकही चालतं, पण तासाच्या वर ठेवू नका, आंबटानं वरचा थर भुसभुशीत होतो. आलं-लसूण, हिरवी मिरची आणि काळा मसाला वाटणात घातला की राहिलेला वास झाकतो. खायचा सोडा मात्र घालू नका. काही जण धिरडी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर टाकतात, आणि मग रंग काळपट येतो, चव साबणासारखी.

रबर आणि लाल

रबरासारखं होणं आणि आतून लाल राहणं, या दोन तक्रारी एकाच घरातून येतात. एकदा आतून लाल निघालं की पुढच्या वेळी भीतीनं दहा मिनिटं भाजतात. कलेजीचं प्रथिन धरलं की त्याच्यापुढच्या प्रत्येक मिनिटाला ते आकसतं, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतं आणि चिवट, दाणेदार होतं. मार्ग जाडीत आहे. अर्ध्या बोटाच्या आतलं धिरडं पहिल्या बाजूनं अडीच-तीन मिनिटं आणि दुसऱ्या बाजूनं दोन मिनिटं, मध्यम आचेवर, झाकण ठेवून पूर्ण शिजतं.

कच्चट मात्र अजिबात खाऊ नये. वाटलेल्या मांसात वरचे जंतू आत मिसळलेले असतात, म्हणून मधोमध ७१ अंश सेल्सिअस तापमान गाठलं पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात नसतो, तेव्हा पहिल्याच घाण्यातलं एक धिरडं मोडून बघा: आत लाल-गुलाबी ओल नको, दाबल्यावर निघणारा रस स्वच्छ हवा. त्या एका धिरड्यावरून पुढची सगळी वेळ ठरते. मीठ-तिखटही त्याच्यावरच चाखायचं, कच्चं मिश्रण जिभेला लावून नाही.

उन्हाळ्यात तर जास्तच जपायला हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि कलेजी मटणापेक्षा लवकर खराब होते. आठवडी बाजारातून आणायची तर सकाळी लवकर, बर्फ टाकलेल्या डब्यात, आणि सगळ्यात शेवटी घेऊन थेट घरी. लाईट जाण्याची वेळ ठाऊक असेल तर मिश्रण मुरवायचा बेत त्याप्रमाणे ठरवा. ओट्यावर ठेवलेलं मिश्रण वापरू नका.

कोणाला वाढू नये, हे धिरडी जमल्यावर विसरलं जातं म्हणून इथेच सांगते. आपल्याकडे गरोदर बाईला रक्त वाढावं म्हणून आवर्जून कलेजी देतात, सासू स्वतः बाजारात जाऊन घेऊन येते. त्यामागची माया खरी आहे, आणि कलेजीत लोह भरपूर असतं हेही खरं, १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम. पण त्याच १०० ग्रॅम बीफ कलेजीत व्हिटॅमिन ए जवळपास ५,००० मायक्रोग्रॅम असतं, आणि मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ३,००० आहे. हे जास्तीचं व्हिटॅमिन ए पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. बकऱ्याच्या कलेजीतही ते भरपूर असतं, त्यामुळे ती घेतली म्हणून चालेल असं नाही. गरोदरपणात कलेजी टाळावी, आणि लोहाच्या गोळ्या दवाखान्यातून मिळतात त्या नियमानं घ्याव्यात. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनीही लांब राहावं. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा, पोटभर नाही तर ताटातला एक पदार्थ म्हणून खावी.

वाढताना गरम धिरड्यावर चक्का होईल इतकं घट्ट दही, बाजूला कांदा-लिंबू आणि शेंगदाण्याची चटणी. स्मेतानाची जागा आपलं दही चांगली घेतं, आंबटपणानं कलेजीचा जडपणा कमी होतो. ज्वारीची भाकरी सोबत असेल तर रस्सा लागत नाही.

मिश्रण उरलं तर ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. रात्रभरात ते वरून काळं पडतं, पाणी सुटतं आणि सकाळी पुन्हा मोडायची तक्रार सुरू होते. सगळी धिरडी त्याच दिवशी भाजून घ्या, गार झाली की डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस चांगली राहतात. गरम करताना तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवायचं, आच बारीक. आणि ज्या घाण्यातली मोडलीच असतील, ती हातानं बारीक कुस्करून कांदा-टोमॅटोच्या फोडणीत परतली, वरून कोथिंबीर घातली, की भाकरीबरोबर सकाळच्या डब्याला देता येतात.